पहिल्या क्रमांकाचा वाचक

महाराष्ट्रातल्या मतदारसंघांची यादी उघडली की पहिले नाव आमच्या जिल्ह्याचे येते. लोकसभेचा क्रमांक १ चा मतदारसंघ नंदुरबार, विधानसभेचा क्रमांक १ चा अक्कलकुवा आणि त्यातले क्रमांक १ चे मतदान केंद्र मणिबेली. सरदार सरोवराच्या पाण्याने ज्याची घरे-शेते घेतली, तेच नर्मदाकाठचे मणिबेली. हा पहिला क्रमांक कोणी स्पर्धेत जिंकलेला नाही. राज्याच्या वायव्य कोपऱ्यापासून मोजायला सुरुवात केली, म्हणून तो आमच्या वाट्याला आला. देशातले पहिले आधार कार्डही आमच्याच जिल्ह्यात, टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० रोजी दिले गेले. आणि २०१२ च्या महाराष्ट्र मानव विकास अहवालात हाच जिल्हा राज्यात सर्वांत खाली होता. पहिला क्रमांक लागला म्हणून पदरात काही पडतेच असे नाही, हे नंदुरबारच्या माणसाला कुणी शिकवावे लागत नाही.

म्हणून सकाळी दारात पडलेल्या वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर, बातमीच्या जागी, ‘खान्देशात आम्हीच क्रमांक १’ असे ठळक अक्षरांत छापलेले दिसले की मला वाईट वाटते. खाली लाखांतले आकडे, बाजूला चढत्या उंचीचे रंगीत खांब, आणि ‘वाचकहो, आपले आभार’. त्याच दिवशी शेजाऱ्याकडच्या दुसऱ्या वर्तमानपत्रातही तोच दावा, तितक्याच मोठ्या अक्षरांत. दोघांनीही आधार एकाच सर्वेक्षणाचा दिलेला. वर्तमानपत्रावर माझे लहानपणापासून प्रेम आहे आणि ते आटलेले नाही. ज्या पानावर गावाची बातमी यायची, त्या पानावर वर्तमानपत्राने स्वतःचीच आरती ओवाळावी, हे त्या प्रेमापोटीच सहन होत नाही.

मी तळोद्याचा. ऐंशीच्या दशकात आमच्याकडे सकाळचा पेपर सकाळी येत नसे. नाशिकचे ‘गावकरी’ आणि ‘देशदूत’, जळगावचे ‘लोकमत’, धुळ्याचे ‘आपला महाराष्ट्र’ यांचे गठ्ठे एस.टी.ने यायचे. मुंबईच्या वर्तमानपत्रांची डाक आवृत्ती रेल्वेने नंदुरबारला उतरायची आणि आमच्या हातात पडेपर्यंत तिच्यावर आदल्या दिवसाची तारीख असायची. नंदुरबारच्या आणि नवापूरच्या व्यापाऱ्यांकडे सुरतेची गुजराती वर्तमानपत्रे असत, कारण तापी खोऱ्यातली ती रेल्वे सुरतेकडूनच येते. एस.टी. स्टँडवर लागली की एजंटकडे पहिला प्रश्न यायचा, “नाना, पेपर उना का?” आला असेल तर नाना मान हलवत. आला नसेल तर बसच्या वाटेकडे बोट दाखवत.

पावसाळ्यात चांदसैलीच्या घाटात दरड कोसळली की धडगावचा रस्ता बंद. तिथल्या गठ्ठ्यातले अंक मग दोन-दोन, तीन-तीन दिवसांचे एकत्र पोचायचे. धडगावचे एक शिक्षक ते तारखेच्या क्रमाने लावून वाचत, एकही वगळत नसत. पेपर शिळा होतो ही कल्पनाच त्यांना मान्य नव्हती. पानावर जे छापले आहे ते आपल्याला अजून ठाऊक नाही, म्हणजे ते ताजेच आहे, असे ते म्हणत.

नानांकडे एक लांबट वही होती. कुणाला कुठला पेपर, कुणाचे पैसे बाकी, कुणी महिनाभरासाठी बंद ठेवायला सांगितला, कुणाच्या घरी म्हातारे गेले आणि आता पेपर वाचणारे कुणी उरले नाही, हे सगळे त्या वहीत होते. कंपनीकडून अंक किती आले, परतीचे किती गेले, तेही होते. तळोद्याची वाचकसंख्या कुणी विचारली असती तर नानांनी ती नावानिशी सांगितली असती. पण कुणी विचारत नसे, आणि नानांनी ती फळ्यावर लिहून दुकानाबाहेर टांगली नव्हती.

तरी नानांच्या वहीतही खरे वाचक सगळे नव्हते. आमच्या आळीत एका शिंप्याच्या दुकानापुढे ओटा होता. आठवडे बाजाराच्या दिवशी सातपुड्यातून उतरलेली माणसे, गवताचे भारे, चारोळी, महुआ, कोंबड्या विकून झाल्यावर त्या ओट्यावर टेकत. एक निवृत्त गुरुजी तिथे पेपर वाचत. वाचायचे मराठीत आणि सांगायचे भिलीत. मध्येच कुणी गुजर शेतकरी कापसाचा भाव विचारायचा, त्याला गुजरीत उत्तर. मजुरीचे दर, रेशनचे धान्य, वनखात्याचा नवा हुकूम, नर्मदेवरच्या धरणाची उंची, कुठल्या गावाला कधी नोटीस जाणार, हे सगळे त्या ओट्यावर आधी ऐकले जाई आणि मग डोंगरात जाई. एका अंकाला किती वाचक असे विचाराल तर त्या दिवशी वाचक एकच, गुरुजी. ऐकणारे मात्र ओटा भरून. सरदार सरोवरात महाराष्ट्राची जी ३३ गावे बुडिताखाली आली, त्यांतली २४ अक्राणी तालुक्यातली आणि ९ अक्कलकुव्यातली. त्या गावांतल्या माणसांना वाचता येत नव्हते, पण वर्तमानपत्रात आपल्याविषयी काय छापले आहे हे त्यांना शब्दन् शब्द ठाऊक असे. छापलेले चुकीचे असेल तर पुढच्या बाजाराला येऊन ते गुरुजींना सांगत, आणि गुरुजी संपादकांना पोस्टकार्ड टाकत.

ते पंधरा पैशांचे पोस्टकार्ड मला फार महत्त्वाचे वाटते. वाचकाचे म्हणणे वर्तमानपत्रापर्यंत जाण्याची ती वाट होती आणि ती खरोखर चालू होती. ‘वाचकांचा पत्रव्यवहार’ या सदरात तळोदा-शहादा बस वेळेवर सुटत नसल्याची तक्रार छापून यायची, आणि काही दिवसांनी त्याच जागी आगारप्रमुखांचा खुलासा. खुलासा पटला नाही तर दुसरे पत्र. अशी ही भांडणे महिना महिना चालत आणि लोक ती मालिकेसारखी वाचत. पत्राखाली ‘एक त्रस्त प्रवासी’ असे लिहिले असले तरी तो प्रवासी कोण हे गावभर माहीत असे.

बातमी पाठवणेही त्या काळी कष्टाचे होते. वार्ताहर म्हणजे दिवसा दुकानदार, वकील नाहीतर शाळामास्तर. रात्री कंदील किंवा विजेच्या मिणमिणत्या दिव्याखाली बातमी लिहायची, पाकिटात घालायची आणि पहाटेच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हाती द्यायची. धुळ्याला किंवा जळगावला स्टँडवर कुणीतरी ते पाकीट उतरवून घेई. फार मोठी घटना असेल तर तार. बातमी तिसऱ्या दिवशी छापून येई, वर नाव नसे, कंसात नुसते ‘वार्ताहर’. त्याला मिळणारे मानधन पाकिटाच्या आणि चहाच्या खर्चातच संपायचे. पण शहाद्याच्या शेतमजुरांनी १९७२ नंतर श्रमिक संघटनेत एकत्र येऊन मजुरीसाठी आणि हातची गेलेली जमीन परत मिळवण्यासाठी जो लढा दिला, तो राज्याला कळला त्यात असल्या पाकिटांचाही वाटा आहे.

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा झाला. वर्तमानपत्रांनी इथे कार्यालये उघडली, जिल्ह्याचे वेगळे पान सुरू केले. त्याचा आनंद आजही आठवतो. नवापूरची तूरडाळ, नंदुरबारच्या पथारींवर वाळणारी लाल मिरची, शहाद्याचा ऊस, केळी आणि पपई, सारंगखेड्याच्या दत्तजयंतीचा घोडेबाजार, काठीची होळी, या सगळ्याला आता रोजची जागा मिळणार होती. मिळालीही. कुपोषणाच्या, बालमृत्यूंच्या बातम्या ज्या सातत्याने आल्या त्या या पानांमुळे आल्या. जुने सगळे चांगले आणि नवे सगळे वाईट, असे मी म्हणणार नाही. आज पेपर सकाळी सहाला दारात असतो, छपाई स्वच्छ आहे, आणि अक्राणीतला एखादा तरुण स्वतःच्या नावाने बातमी देतो. हे पूर्वी नव्हते.

आकड्यांचा सोसही आजचा नाही. ‘सर्वाधिक खपाचे’ हे बिरुद मथळ्याशेजारी मिरवायची हौस मराठी वर्तमानपत्रांना जुनीच. पण तो खपाचा आकडा होता, विकलेल्या प्रतींचा. त्यावर विसंबता यावे म्हणून जाहिरातदार, जाहिरात संस्था आणि प्रकाशक यांनी मिळून १९४८ मध्ये ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स ही संस्था काढली. जानेवारी ते जून आणि जुलै ते डिसेंबर असा सहा-सहा महिन्यांचा हिशोब तपासून ती प्रमाणपत्र देते. किती कागद आला, किती छापले, किती विकले, परत किती आले. नानांच्या वहीचेच हे मोठे रूप. त्यात लबाड्या झाल्या नाहीत असे नाही. वर्षाची वर्गणी भरा आणि भांडे घ्या, कुपने चिकटवा आणि बक्षीस मिळवा, अशा योजनांनी खप फुगवला गेला आणि न उघडलेले अंक तसेच रद्दीत गेले. तरीही विकलेली प्रत ही वस्तू आहे. ती मोजता येते.

वाचकसंख्या हे वेगळे प्रकरण. एक प्रत किती जण वाचतात हे कुणालाच पाहता येत नाही, म्हणून घरोघर जाऊन विचारावे लागते. सत्तरच्या दशकात राष्ट्रीय वाचक सर्वेक्षण सुरू झाले, आणि १९९५ पासून इंडियन रीडरशिप सर्व्हे, म्हणजे आयआरएस. काही लाख घरे निवडायची, घरातल्या बारा वर्षांवरच्या एका माणसाला वर्तमानपत्रांची नावे दाखवायची, आणि यातले काय वाचता, शेवटचे कधी वाचले, असे विचारायचे. त्या उत्तरांवरून देशाचा अंदाज बांधायचा. हे शास्त्र आहे आणि नीट केले तर उपयोगाचे आहे. साबण कुठल्या पानावर विकायचा हे ठरवणाऱ्याला त्याची गरज असते. मला त्या शास्त्राविषयी आदर आहे. त्याचे पुढे पहिल्या पानावर जे होते, त्याविषयी मात्र नाही.

जानेवारी २०१८ मध्ये आयआरएस २०१७ चा अहवाल आला. देशभरातली ३ लाख २० हजार घरे त्यासाठी पाहिली होती. त्यात वाचकांचे दोन वेगवेगळे आकडे होते. एक सरासरी अंक वाचकसंख्या, म्हणजे दैनिकाच्या बाबतीत काल ज्यांनी ते वाचले ते. दुसरा एकूण वाचकसंख्या, म्हणजे गेल्या महिनाभरात ज्यांच्या हाती ते एकदा तरी आले ते. न्हाव्याकडे पाळी येईपर्यंत कुणी महिन्यातून एकदा पान उलटले, तर तोही दुसऱ्या आकड्यात येतो. दोन्ही आकडे खरे, पण अर्थ अगदी निराळे. पहिला आकडा रोजच्या नात्याचा, दुसरा जाता-जाता झालेल्या ओळखीचा. जाहिरातींत मोठ्या अक्षरांत दुसरा छापला गेला, कारण तो मोठा होता. त्याचा अर्थ काय, हे वाचकाला कुणी सांगितले नाही.

मग तळटीप येते. ही तळटीप मी भिंग घेऊन वाचतो, आणि प्रत्येकाने वाचावी अशी माझी कळकळीची विनंती आहे. ठळक अक्षरांत ‘क्रमांक १’ आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत अटी. फक्त शहरी भाग, अमुक वयोगट, एनसीसीएस ए आणि बी, अमुक शहरे वगळून. चाळणी बदलत राहिली की कुठल्या ना कुठल्या चाळणीत प्रत्येक वर्तमानपत्र पहिले येते. म्हणूनच एकाच अहवालातून एकाच सकाळी दोन पहिले क्रमांक निघतात, आणि दोघांपैकी कुणी खोटे बोलत नसते. वाचकाची फसवणूक तरीही झालेली असते.

यातले एनसीसीएस हे काय आहे ते आमच्या जिल्ह्याने तरी समजून घेतले पाहिजे. कुटुंबाचा दर्जा ठरवण्याची ही २०११ पासूनची पद्धत. घरातल्या मुख्य कमावत्या माणसाचे शिक्षण पाहायचे आणि अकरा गोष्टींपैकी घरात किती आहेत ते मोजायचे. वीजजोडणी, छताचा पंखा, गॅसची शेगडी, दुचाकी, रंगीत टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, संगणक, मोटार, एसी आणि शेतजमीन. त्यावरून ए पासून ई पर्यंत वर्ग पडतात. आता अक्राणीतल्या एखाद्या पाड्यावरचे घर डोळ्यांसमोर आणा. शेतजमीन असेल, तीही उतारावरची. वीज उशिरा आलेली, कुठे आलेली नाही. त्या घरातला पहिलीच पिढी शिकलेला मुलगा आश्रमशाळेत वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत असेल, स्पर्धा परीक्षेसाठी त्याची कात्रणे काढत असेल. इतक्या निष्ठेने वाचणारा माणूस शहरातल्या ए वर्गातही सहज सापडायचा नाही. पण ‘ए आणि बी वर्गात क्रमांक १’ या जाहिरातीत तो नाही. त्याला वगळल्यावरच तो पहिला क्रमांक तयार होतो.

आता थोडे गणित. २०११ च्या जनगणनेत देशात साधारण २४ कोटी ६७ लाख कुटुंबे होती. सर्वेक्षणाची ३ लाख २० हजार घरे त्यांत समान वाटली तर दर पावणेआठशे घरांमागे एक घर येते. नंदुरबार जिल्ह्याची लोकसंख्या तेव्हा १६ लाख ४८ हजार. एका घरात पाच माणसे धरली तर सव्वातीन लाखांच्या वर घरे झाली. त्यांतली सर्वेक्षणाच्या वाट्याला येणारी घरे सव्वाचारशेच्या आसपास. सहा तालुक्यांत वाटली तर एका तालुक्याला सत्तर. हा माझा समान वाटणीचा हिशोब आहे. शहरांना झुकते माप दिले असेल तर डोंगरातल्या तालुक्यांत घरे याहूनही कमी.

सव्वाचारशे घरांतून काय कळते? समजा त्यांतल्या तीस टक्के घरांनी एक वर्तमानपत्र वाचतो असे सांगितले. संख्याशास्त्राच्या साध्या नियमाने या तीस टक्क्यांत चार-साडेचार टक्क्यांची चूक दोन्ही बाजूंना संभवते. खरा आकडा सव्वीसही असू शकतो आणि चौतीसही. दुसऱ्या वर्तमानपत्राला अठ्ठावीस टक्के मिळाले, तर कोण पुढे आहे हे त्या सर्वेक्षणावरून सांगताच येत नाही. सर्वेक्षण करणाऱ्यांना हे पक्के ठाऊक असते. जिल्ह्याजिल्ह्याचे फलक रंगवणाऱ्यांनाही ते ठाऊक असले पाहिजे. तरीही दोन टक्क्यांच्या फरकावर खांब उभे राहतात, आणि तेही असे काढलेले की एक खांब दुसऱ्याच्या दुप्पट उंच दिसावा. खालची रेघ शून्यापासून सुरू न करता सव्वीसपासून सुरू केली की हे साधते. आठवीच्या मुलालाही आलेख काढताना गुरुजी अशी चूक करू देत नाहीत.

आणि आमच्या जिल्ह्यात, त्याच जनगणनेप्रमाणे, साक्षरता ६४ टक्क्यांच्या थोडी वर होती. म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त माणसे वाचकसंख्येच्या हिशोबात येण्याची शक्यताच नव्हती. ओट्यावर बसून ऐकणाऱ्यांचे रकाने कुठल्याच प्रश्नावलीत नव्हते आणि आजही नाहीत.

या आकड्यांवर वर्तमानपत्रांचा स्वतःचा तरी किती विश्वास आहे, ते २०१४ मध्ये दिसले. २८ जानेवारीला आयआरएस २०१३ चा अहवाल आला. नवी पद्धत, नवी संस्था, आणि अनेकांचे वाचक एकदम घटलेले. अठरा मोठ्या वृत्तपत्रसमूहांनी एकत्र निवेदन काढून तो अहवाल फेटाळला. त्यांनी दाखवलेली एक विसंगती आपल्या नागपूरची होती. ज्या ‘हितवाद’चा प्रमाणित खप साठ हजारांवर, त्याला या अहवालात नागपुरात एकही वाचक नव्हता. चेन्नईहून निघणाऱ्या एका इंग्रजी अर्थविषयक दैनिकाचे वाचक खुद्द चेन्नईपेक्षा मणिपुरात तिप्पट दाखवले होते. आक्षेप अगदी रास्त होते. माझे म्हणणे एवढेच की ही बारकाईची नजर अहवाल अनुकूल असतानाही तितकीच चालायला हवी होती. आकडे घटले तेव्हा पद्धतीतल्या चुका सापडल्या. आयआरएस २०१७ च्या अहवालात वाचक वाढले तेव्हा पहिली पाने सजली. चार वर्षांत देशातले वर्तमानपत्रांचे वाचक अकरा कोटींनी वाढले, असे त्या अहवालाने सांगितले.

सर्वेक्षण वाईट नसते, याचा मला ठाऊक असलेला उत्तम दाखला जयपूरचा आहे. १९९६ मध्ये ‘दैनिक भास्कर’ने तिथे वर्तमानपत्र काढण्याआधी सुमारे दोन लाख घरांत माणसे पाठवली. तुम्ही आज जे वाचता त्यात काय कमी आहे, तुम्हाला काय हवे, असे विचारले. अंक तयार झाल्यावर पुन्हा त्याच घरांत जाऊन, तुम्ही सांगितल्याप्रमाणे हे केले आहे, असे दाखवले. पहिल्याच दिवशी पावणेदोन लाखांच्या जवळपास प्रती गेल्या. त्यात धंद्याचा हिशोब होताच, तो नाकारायचे कारण नाही. पण प्रश्न वाचकाला विचारला होता आणि उत्तर अंकात उतरले होते. त्याच्या कितीतरी आधी, कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या नानासाहेब परुळेकरांनी १ जानेवारी १९३२ रोजी पुण्यात ‘सकाळ’ सुरू केला, तेव्हा साध्या माणसाला रोज काय लागते याचा विचार करून बाजारभाव आणि गावोगावच्या बातम्या यांना त्यांनी जागा दिली. वाचकाला ओळखणे म्हणजे काय, हे मराठी वर्तमानपत्रांना मुळातून ठाऊक आहे. बाहेरून आणायची ती विद्या नाही. म्हणूनच ती अशी वाया जाताना पाहून जीव तुटतो.

सर्वेक्षणात वाचकाने सांगितलेले असते की मी हे वाचतो. त्याने ते चांगले आहे असे म्हटलेले नसते. पण जाहिरातीपर्यंत पोचताना ‘वाचतो’चे ‘पसंत करतो’ होते, ‘पसंत करतो’चे ‘विश्वास ठेवतो’ होते, आणि शेवटी ‘खान्देशाचा कौल’ होतो. मणिबेलीचा मतदार पायवाटेने, नाहीतर होडीतून येऊन जो देतो त्याला कौल म्हणतात. कुणीतरी टॅब्लेटवर दाखवलेल्या नावांच्या यादीला मान हलवणे म्हणजे कौल नव्हे.

या हव्यासाची किंमत तालुक्याचा वार्ताहर मोजतो. पूर्वी त्याला बातमी पोचवायची चिंता असे. आता वर्धापनदिनाची पुरवणी जवळ आली की त्याला जाहिराती गोळा करायच्या असतात, आणि त्यासाठी हातात तेच क्रमांक १ चे पत्रक दिलेले असते. ज्या सरपंचाविरुद्ध लिहायचे त्याच्याचकडे शुभेच्छांची जाहिरात मागायला जायचे. ही तरुण मुले मला भेटतात, मोकळेपणाने सांगतात. त्यांच्यात कुवत नाही असे मुळीच नाही. देवगोई घाटाच्या वर जाऊन, मोबाइलला रेंज नसलेल्या पाड्यांवर दिवस काढून त्यांनी केलेल्या बातम्या मी वाचल्या आहेत. बाळंतिणीला झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणल्याची बातमी त्यांच्यामुळेच कळते. तिला आतल्या पानावर दोन रकाने मिळतात. पहिल्या पानाचा अर्धा भाग त्या दिवशी खांबांनी व्यापलेला असतो.

मे २०२० मध्ये आयआरएस २०१९ चा शेवटचा तिमाही अहवाल आला. टाळेबंदीने घरोघर फिरणे थांबले, आणि त्यानंतर कितीतरी वर्षे नवा अहवाल निघाला नाही. जुनेच आकडे नव्या तारखेच्या अंकात छापले जाऊ लागले. मधल्या काळात वाचकच बदलला. टाळेबंदीत गठ्ठे बंद झाले तेव्हा आमच्याकडे मोबाइलवरच्या गटांत पहाटेच पाने फिरू लागली, ती सवय टिकली. धडगावच्या मुलांना आता घाट सुरू असण्याची वाट पाहावी लागत नाही, रेंज आली की पेपर आला. नानांच्या एजन्सीवर त्यांचा मुलगा बसतो. गठ्ठा लहान झाला आहे, आणि पेपरबरोबर तो मोबाइलचे रिचार्जही करून देतो. कुठल्या घरात कागदी पेपर बंद झाला आणि तरीही रोज वाचला जातो, हे त्याला नेमके माहीत आहे. ती माहिती त्याच्याकडे कोणी मागितलेली नाही.

पुढचे सर्वेक्षण होईल तेव्हा माणसे पुन्हा घरोघर फिरतील. आमच्या सहा तालुक्यांतल्या ज्या काही घरांच्या वाट्याला ती येतील, तिथे त्यांनी दोन प्रश्न जास्तीचे विचारावेत, असे मी ओळखीच्या दोन संपादकांना लिहिले आहे. तुमच्या गावाची बातमी शेवटची कधी छापून आली? आणि ती खरी होती का? या प्रश्नांची उत्तरे तालुकावार, तळटीप न घालता, पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत छापा, असेही लिहिले आहे. एकाचे उत्तर आले. प्रश्न चांगले आहेत, पण ते विचारण्याचा खर्च कोण करणार, असे त्यांनी विचारले आहे. त्यांना मी पोस्टकार्डाची आठवण करून दिली आणि पत्रव्यवहाराचे बंद केलेले सदर पुन्हा सुरू करायला सांगितले. त्यासाठी रोज अर्धा रकाना लागेल. पहिली पत्रे मी तळोद्याहून आणि धडगावहून जमवून देईन, हेही कळवले आहे.